भिंतीपलीकडचा संसार

बाइंडिंगवाल्याचं कामाचं टेबल घराच्या शेवटच्या भिंतीला लागून होतं. घर तिसऱ्या मजल्यावर. भिंतीपलीकडे नुसती हवा आणि खाली गल्ली. तरी एका दुपारी पुठ्ठ्याला खळ लावताना त्याला भिंतीतून बोलणं ऐकू आलं. एक बाई काहीतरी सांगत होती, एक पुरुष हसत होता, मधूनच भांडी वाजत होती. त्याने खिडकीतून डोकं काढून पाहिलं. भिंत कोरडी ठणठणीत, उन्हात तापत उभी.

त्या दिवशी त्याच्या अंगावर काटा आला. पण मग गोडी लागली. आवाज भिंतीतून घुमून येत, कुणाचे ते ओळखू येत नसे; ती दोघं भाजीतल्या मिठावरून बोलत, हरवलेल्या मोज्यावरून बोलत. त्या बोलण्यात काही राम नव्हता, तरी ऐकताना सुई हातात तशीच राही. नशीबवान आहेत लेकाचे, असं त्याला वाटे. त्याच्या घरात बायको काही बोलली की तो 'हं' म्हणायचा, बरेचदा तेवढंही नाही. भांडण नव्हतं. इतक्या वर्षांत बोलणं झिजून गेलं होतं, इतकंच.

एकदा सकाळी बायको म्हणाली, खालच्या मास्तरांनी नवे दात बसवलेत, हसले की घोडा आठवतो. त्याने मान वर केली नाही.

दुपारी भिंतीतून तेच वाक्य आलं. या वेळी स्वच्छ, तिच्याच आवाजात. आणि पुरुष हसून म्हणाला, "मग शिंकताना जपायला सांग त्यांना."

तो आवाज त्याचा स्वतःचा होता.

बायकोला त्याने काही सांगितलं नाही. काय सांगणार? दुसऱ्या दिवशी भिंतीला कान लावूनच बसला. आज फक्त पुरुषाचा आवाज होता.

"अगं, मीठ कुठंय?"

उत्तर नाही.

"अगं, ऐकतेस ना?"

खुर्ची सरकली. मग तो आवाज एकेका खोलीत हाक मारत फिरू लागला.

बाइंडिंगवाला धावत स्वयंपाकघरात गेला. बायको मटार सोलत बसली होती.

"काय झालं? चेहरा का असा पांढराफटक?"

त्याने तिचा हात धरला. ऊबदार होता. तो तिच्याशेजारी बसला आणि मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या.

"बोल ना काहीतरी."

तिने त्याच्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. मग चाचरत सांगितलं, की बहिणीच्या सुनेने केस लाल करून घेतलेत. सासू काय म्हणाली, असं त्याने विचारलं. सासूने स्वतःसाठीही रंग मागवलाय, हे सांगताना तिला असं हसू फुटलं की अर्धे मटार जमिनीवर गेले. दोघं गुडघ्यांवर बसून ते वेचू लागली.

भिंत त्यानंतर कधी बोलली नाही. टेबल त्याने स्वयंपाकघरात हलवलं. खळीच्या वासाने जेवण जात नाही म्हणून ती कुरकुरते, आणि तो त्या कुरकुरीलाही उत्तर देतो. फक्त बोलता बोलता ती श्वास घ्यायला थांबली, की त्याच्या काळजात धस्स होतं. मग ती पुढे बोलते.