साडेचार सेकंदांचं उठणं

शुक्रवारी संध्याकाळी भिंगबाईंच्या वहीत एकच चूक उरली होती आणि त्यामुळे त्या काळजीत पडल्या होत्या.

सोमवारी एकतीस चुका निघाल्या, मंगळवारी एकोणीस, बुधवारी आठ, गुरुवारी तीन. शुक्रवारी काय, तर बाजारातल्या एका कबुतराला सावली नव्हती. ती दहा मिनिटांत मिळाली. आता सोमवारी दुपारी बारा वाजता भिंगबाईंनी शेवटच्या कागदावर सही केली, की गेमला कुलूप लागणार होतं. मग त्यात कुणी बोटही घालायचं नाही, तो थेट विकायला जाणार.

गेम तपासून त्यातल्या चुका काढायच्या, हे भिंगबाईंचं काम. नाव त्यांना ऑफिसनेच ठेवलेलं. अकरा माणसांच्या त्या ऑफिसने बारा वर्षांपूर्वी स्केटबोर्डचा एक गेम काढला होता. त्यात वाकडी टोपी घातलेला एक पोरगा पाण्याच्या टाकीपासून धोब्याच्या दुकानापर्यंत फळीवरून उतरायचा. वस्ती एकच, उतार चार, आणि कुत्रं एक, तेही झोपलेलं. तरी लोकांनी तो असा काही डोक्यावर घेतला की करणारेच बुचकळ्यात पडले. आता त्याचा दुसरा भाग तयार होत आला होता. शहर चौपट मोठं, फळ्या बेचाळीस, टोप्या किती ते विचारू नये. वारा सुटला की पोराच्या शर्टाच्या बाह्या फडफडायच्या. कुत्रंही आता जागं झालं होतं.

"कसा झालाय?" असं जो तो भिंगबाईंना विचारी.

"चुका नाहीत," त्या सांगत.

उतारवाला तेवढ्यावर ऐकणारा नव्हता. गेममधले सगळे रस्ते, पायऱ्या आणि चढउतार तो करायचा, म्हणून तो उतारवाला. बारा वर्षं दोघांची टेबलं पाठीला पाठ लावून होती. खुर्ची गर्रकन फिरवून तो म्हणाला, "भिंगे, मुलगी कशी आहे विचारल्यावर 'ताप नाही' म्हणतात का? आवडला की नाही ते सांग."

"सोमवारी सांगते."

"म्हणजे नाही आवडला."

"म्हणजे सोमवारी सांगते."

खरी गोम अशी की वहीत रकाने चार होते: जागा, काय घडलं, कितीदा, दुरुस्ती. गुरुवारी दुपारी साडेतीनला आपण घड्याळाकडे पाहिलं, ही गोष्ट त्यातल्या कुठल्या रकान्यात भरायची? पहिला भाग तपासताना त्यांना जेवायच्या डब्याची आठवण राहायची नाही. दुसऱ्यात सगळं जागच्या जागी होतं, आणि डबा मात्र रोज वेळेवर उघडला जात होता.

त्यांनी ऑफिसच्या मालकीणबाईंची परवानगी काढून गेम दोन दिवसांसाठी घरी नेला. "ताईंना दाखवा," मालकीणबाई म्हणाल्या, "पण ताईंच्या शेजारणीला नको."

ताई म्हणजे भिंगबाईंची थोरली बहीण. दोघी एकाच घरात राहत. ताई कवळ्या करायची. दाताच्या डॉक्टरांकडून माप यायचं आणि ताई मेणात एकेक दात बसवून बत्तीशी उभी करायची. साठीला टेकली होती, पण बोटं अशी की सुईत दोरा ओवताना चष्मा लावायची नाही. गेम तिने आयुष्यात एकच खेळला होता, पहिला भाग. बारा वर्षं, कामावरून आल्यावर रोज अर्धा तास. टोपीवाल्या पोराला ती ठोंब्या म्हणे आणि घरातलंच कुणी असावं तशी त्याच्यावर खेकसे.

शनिवारी दुपारी ताईने नवा गेम लावला. "अगं बाई, ठोंब्या केवढा झाला! मिशी फुटलीय की!" ती शहरभर फिरली, बाह्या फडफडताना पाहिल्या, कुत्र्याला हाक मारली. मग नदीवरचा तुटका पूल तिच्या नजरेत भरला. मधला तुकडा पडलेला, अलीकडून उडी मारून पलीकडच्या कठड्यावर फळी टेकायची. "हे आपल्याला जमणार," म्हणत ती सरसावून बसली.

अर्ध्या तासाने भिंगबाई चहा घेऊन आल्या, तर ताई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"झालं?"

"छान आहे हो. खूपच छान. किती मेहनत घेतलीय पोरांनी."

"पूल जमला?"

"उद्या बघू."

ताईने घड्या संपवल्या, चहा प्यायली आणि कुणाचं लक्ष नाहीसं पाहून हळूच जुना गेम लावला. नवा आवडला नाही असं कुणी तोंडावर म्हटलं असतं तर भिंगबाईंना चाललं असतं, पण हे म्हणजे पाहुण्यांना निरोप देऊन दार लावल्यावर कमरेचा पट्टा सैल करण्यासारखं होतं.

भिंगबाईंनी वही घेतली आणि ताईच्या मागे स्टूल ओढून बसल्या. ठोंब्या पडला की एक रेघ, पाच झाल्या की आडवी. वाचनालयाच्या पायऱ्यांवरून ताईला काहीतरी नवंच सुचलं होतं. त्यापायी ठोंब्या एकसष्ट वेळा आपटला. एकसष्ट वेळा! ताईने मध्ये मान वर केली नाही. बासष्टाव्या वेळी जमलं, तेव्हा तिने चहाचा रिकामा कप तोंडाला लावला.

"ताई, नव्यात कितीदा पडलीस?"

"मला काय माहीत?"

"परत खेळ. माझ्यासाठी."

पुलावर ताई नऊ वेळा पडली आणि दहाव्यांदा तिने रिमोट खाली ठेवला. पूल काही पायऱ्यांहून अवघड नव्हता. भिंगबाईंनी वहीवर बोट आपटलं. "आता सांग, का ठेवलास? माझ्या तोंडाकडे बघून गोड बोलू नकोस."

ताईने विचार केला. "हा उठतो फार."

"म्हणजे?"

"बघ ना. पडला. आता कुशीवर वळेल, हात टेकेल, गुडघा चोळेल, पँट झटकेल. फळी उचलून तिची चाकं बघेल. बघ बाबा बघ, सावकाश बघ! आणि मग कुठे मी परत पुलाच्या तोंडाशी. जुन्यात कसं, पडला की बटण दाबायचं, की लगेच वर."

"साडेचारच सेकंद आहेत गं ती."

"अगं, मी दात मेणात बसवते. मेण गरम आहे तोवर दात हलतो. केसभर इकडे, केसभर तिकडे. गार झालं की सगळं नव्यानं तापवा. पडल्या पडल्या माझ्या बोटांना आठवत असतं की उडी जरा लवकर मारली. तो पँट झटकेपर्यंत मेण गार होतं." ती थांबली. "पहिल्यांदा बघताना मात्र फार गोड वाटलं. अगदी खऱ्या माणसासारखा उठतो."

भिंगबाईंनी वही मिटली. सापडलं होतं, पण नको तिथे सापडलं होतं.

कारण तो खऱ्या माणसासारखा उठत होता, असं नव्हतं. तो खरा माणूसच होता. तीन वर्षांपूर्वी उतारवाला बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, वीतभर उंचीच्या कठड्यावरून फळीची उडी, शेजाऱ्याच्या सहा वर्षांच्या नातीला "बघ हं" म्हणून दाखवायला गेला आणि खुबा मोडून घेतला. नात बघतच राहिली. आठ महिने गेले त्यात. व्यायाम घेणाऱ्या बाईंसमोर तो जमिनीवरून उठायचा सराव करायचा, आणि भिंगबाई शनिवारी भेटायला जाऊन तिथेही वहीत रेघा मारायच्या: उठला, नाही उठला, नाही उठला, शिवी दिली, उठला. बरा झाल्यावर त्याने अंगाला चमकते ठिपके चिकटवलेला काळा घट्ट पोशाख चढवला आणि कॅमेऱ्यांसमोर सव्वीस वेळा पडून उठून दाखवलं. तेच उठणं ठोंब्याला दिलं होतं. चौपट शहर त्याने केलं, पण घरी कुणी आलं की तो दाखवायचा ती हीच साडेचार सेकंदं.

आणि त्याला जाऊन सांगायचं, की बाबा रे, तुझं उठणं कंटाळवाणं आहे. सही करून मोकळं व्हावं, असंही रविवारभर भिंगबाईंच्या मनात येऊन गेलं. चूक नव्हतीच ती. कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. पण मग ताईसारखी हजारो माणसं "छान आहे हो" म्हणतील, घड्या घालतील आणि हळूच जुना गेम लावतील. चार वर्षांच्या कामाला असला गुळमुळीत निरोप मिळण्यापेक्षा त्याने आपल्यावर चिडलेलं परवडलं.

सोमवारी सकाळी आठला ऑफिसात दोघंच होते. भिंगबाईंनी वही त्याच्यापुढे ठेवली. एकसष्ट आणि नऊ. मग सगळं सांगितलं, मेणासकट.

उतारवाल्याने ऐकून घेतलं. त्याचे कान तांबडे झाले. "तुझी ताई बारा वर्षं तोच गेम खेळतेय. तिला सवय त्याची. नव्या चपलेला दोन दिवस द्यावे लागतात."

"असेल."

"आणि तेवढंच तर नवीन आहे यात! बाकी काय, मोठं शहर कुणीही करतं. टोप्या कुणीही वाढवतं. पडलेला माणूस उठतो कसा, हे कुणी दाखवलंय?"

"कुणी नाही."

"मग?"

"पूल पार करून दाखव."

"हा मीच बांधलाय, भिंगे."

"म्हणूनच म्हणते."

त्याने खुर्ची पुढे ओढली. पूल बांधणं वेगळं आणि ओलांडणं वेगळं, हे तिसऱ्या आपटण्यात त्याच्या ध्यानात आलं. पहिल्या दोन वेळा तो स्वतःच्या उठण्याकडे कौतुकाने बघत होता. पाचव्या वेळी नजर पुलावर गेली. आठव्या वेळी त्याने "अरे, जरा उशिरा!" असं स्वतःलाच सुनावलं. भिंगबाई मागे उभ्या राहून रेघा मारत होत्या. बाराव्या वेळी ठोंब्या कुशीवर वळला, हात टेकला, गुडघा चोळू लागला...

भिंगबाईंनी पेन्सिलीचं टोक उतारवाल्याच्या अंगठ्याकडे रोखलं.

अंगठा बटणावर आपटत होता. टकटकटकटक. त्या बटणाने काहीच होत नव्हतं, ते या भागात काढून टाकलेलं होतं. ते काढलं कुणी, हेही दोघांना माहीत होतं.

"दाबतोयस काय?" भिंगबाई हळू म्हणाल्या. "उठतोय ना तो. उठू दे की."

अंगठा थांबला. पडद्यावर ठोंब्याने पँट झटकली, चाकं पाहिली. मग उतारवाल्याच्या तोंडून जे फुटलं ते हसूच होतं, पण वळसा घालून आलेलं.

"तुला आठवतं, तिथे जमिनीवर पडल्या पडल्या मी काय म्हणायचो?"

"शिव्या सोडून?"

"शिव्या सोडून."

भिंगबाईंना आठवत होतं. त्यांच्या त्या वहीत लिहिलेलंही होतं. "बटण कुठंय म्हणायचास. दाबलं की लगेच वर."

"आठ महिने ते बटण मागितलं, आणि हातात आल्यावर दुसऱ्यांचं काढून घेतलं. वा रे मी!" त्याने डोळे चोळले. "कापून टाकू सगळं. बारा वाजायला अवकाश आहे."

"कापायचं कुणी म्हटलं?" भिंगबाई ठसक्यात म्हणाल्या. "आधी एक टोक, मग दुसरं टोक. मधे काही असतं की नाही तुमच्याकडे? ज्याला घाई आहे तो बटण दाबेल आणि वर जाईल. नाही दाबलं, तर उठेल आपला सावकाश. त्याचं त्याचं."

"कुणी थांबणार नाही."

"नाही थांबणार. पण उठणं तर आत असेल."

काम तासाभराचं निघालं. मालकीणबाईंनी एकच विचारलं, "यानं दुसरं काही मोडणार नाही ना?" आणि उत्तराची वाट न बघता भिंगबाईंना खेळायला बसवलं. भिंगबाई शहरभर दोनशे चौदा ठिकाणी पडल्या. निम्म्या वेळा बटण दाबून, निम्म्या वेळा हात मांडीवर ठेवून. बाराला तीन मिनिटं कमी असताना सही झाली. डबा उघडायचा त्या दिवशी राहूनच गेला, आणि ते संध्याकाळी घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

विक्रीला गेलेली प्रत महिन्याभराने घरी आली. ताईने पुलाला हात घातला. पडली, वर. पडली, वर. भिंगबाई सवयीने रेघा मारत होत्या. त्र्याहत्तर झाल्या. चौऱ्याहत्तराव्या वेळी फळी कठड्याला टेकली, खरखरत गेली आणि ठोंब्या पलीकडे उतरला. ताई "हाऽऽ!" करून ओरडली आणि त्याच भरात एका फुटकळ कचराकुंडीवर जाऊन धडकली.

ठोंब्या आडवा. ताईचा अंगठा बटणावर गेला आणि तिथेच थांबला. जिंकलेल्या माणसाला कसली घाई?

तो कुशीवर वळला. हात टेकला. गुडघा चोळला. ताई रिमोट मांडीवर ठेवून बघत होती.

"अगं," ती म्हणाली, "डाव्या पायावर पूर्ण भार टाकत नाही हा."

"माहीत आहे."

"तुझा उतारवाला असाच चालतो. जिना चढताना."

"हं."

"वहीत लिहिलंयस का?"

भिंगबाईंनी वही मिटली.

"लिही की! दुसऱ्याच्या कबुतराची सावली शोधतेस, आणि हे नाही होय? चूक ती चूक."

भिंगबाईंनी वही उघडली. जागा: सगळीकडे. काय घडलं: उठताना डाव्या पायावर पूर्ण भार देत नाही. कितीदा: दर वेळी. चौथ्या रकान्यापाशी पेन्सिल जरा रेंगाळली.

मग त्यांनी दुरुस्तीखाली लिहिलं, 'नको', आणि मान वर केली, तेवढ्यात ताईने बटण दाबलंही होतं.