माणसं मी आणली होती

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे आणि मला फार राग आलेला आहे. आपली कहाणी सांगताना जुन्या वस्तू हळवा सूर लावतात. तो मलाही येतो, पण आज जमायचा नाही. हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या एका लॉन्ड्रीला कामाची माणसं मिळवून द्यायची, एवढ्यासाठीच माझा जन्म झाला. मी ती मिळवून दिली. तरी मालक अडीच वर्षं येईल त्याला सांगत होते, "आमच्याकडे कुणी फिरकतच नाही."

मला घडवलं मालकांच्या भाचीने. ती नुकतीच हे काम शिकून बाहेर पडली होती. मालकांना आधी बड्या कंपनीसारखा थाट हवा होता. काचेची इमारत, सूट घातलेली हसरी माणसं, वर काहीतरी फिरणारं, चमकणारं. पैसे मात्र इस्त्रीच्या यंत्राची दुरुस्ती करून उरतील तेवढेच. भाची म्हणाली, "मामा, आपल्या खिडक्यांना धड काच नाही. जे आहे तेच दाखवू."

तिने दोन दिवस लॉन्ड्रीत काढले. आपल्या फोनवरच फोटो घेतले. धुलाईच्या यंत्रांची रांग, चादरींच्या घड्या घालणाऱ्या दोघी जावा आणि वाफेत उभे असलेले बॉयलरवाले काका. काकांनी फोटोसाठी टोपी काढली, केस सारखे केले आणि पुन्हा टोपीच घातली. मग भाचीने सगळ्यांना एकच विचारलं, "कामाला लागण्याआधी तुम्हाला काय माहीत असायला हवं होतं?" ते जे बोलले तेच तिने माझ्यावर लिहिलं. पाळी किती वाजता सुरू होते, पगार किती, उन्हाळ्यात आत किती उकडतं, जेवायला बसायला जागा आहे का, बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का. यायचं कसं, तेही लिहिलं. पुलाखालून डावीकडे वळा, वाफेचा जाड पाइप दिसेल, त्याच्या खालचं निळं दार. अर्जात प्रश्न फक्त चार. नाव, फोन नंबर, कोणतं काम येतं आणि आणखी काही सांगायचं आहे का. साध्यातल्या साध्या फोनवरही मी पटकन उघडायची. थोडक्या पैशांत याहून चांगली वेबसाइट होत नाही. मी टिमकी वाजवत नाहीये, खरं ते सांगते आहे.

शेवटी एकच गोष्ट ठरायची राहिली. आलेले अर्ज पोचणार कुठे? भाची म्हणाली, "भरतीसाठी वेगळा ईमेल घेऊ. वर्षाचा किरकोळ खर्च आहे, आणि दोघातिघांना उघडता येईल."

"कशाला तो खर्च, आणि आणखी एक पासवर्ड?" मालक म्हणाले. "आपला कारकून दिवसभर इथेच असतो. त्याच्या ईमेलवर येऊ देत."

भाचीने दोनदा समजावून पाहिलं. मग मामांपुढे काय बोलायचं म्हणून कारकुनाचा घरचा ईमेल माझ्यात घातला आणि दुसऱ्या गावी नोकरीला गेली.

तुम्ही विचाराल, वेबसाइटला एवढं सगळं कसं ठाऊक? अहो, मालकांना माझं कोण कौतुक! ऑफिसातल्या संगणकावर मी सकाळपासून उघडीच असायची. आलेल्या प्रत्येकाला माझं दर्शन घडवलं जायचं. त्यामुळे त्या खोलीतलं सगळं बोलणं माझ्या कानांवर पडायचं.

पहिलं वर्ष झकास गेलं. अर्ज आला की कारकून तो छापून मालकांच्या टेबलावर ठेवायचा. इस्त्रीसाठी दोघं मिळाले, गाडीला ड्रायव्हर मिळाला. मालक म्हणायचे, पोरीने सोन्यासारखं काम केलं. मग कारकुनाला दुसरीकडे बरी नोकरी लागली. त्याने निघताना कपाटाच्या किल्ल्या दिल्या, फायली दिल्या, सगळ्यांबरोबर चहा घेतला. अर्ज कुठे येतात हे ना त्याला आठवलं, ना कुणी विचारलं.

पुढच्याच महिन्यात बॉयलरवाले काका डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ऑफिसात आले. काचबिंदू निघाला होता. दोन महिन्यांत ऑपरेशन करा, मग सहा आठवडे उष्णतेपासून लांब राहा, नाहीतर नजर जाईल आणि गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण बॉयलरला परवान्याशिवाय दुसऱ्या कुणी हात लावायचा नसतो, आणि परवाना एकट्या काकांकडे होता. मालकांनी लगेच भाचीला फोन लावला. त्याच संध्याकाळी माझ्यावर जाहिरात आली. बॉयलर चालवायला माणूस हवा, परवाना आवश्यक, तातडीने.

नवव्या दिवशी अर्ज आला. एक बाई होती. बंद पडलेल्या डेअरीत तिने आठ वर्षं बॉयलर सांभाळला होता, आणि परवाना होता. मी तो अर्ज जिथे पाठवायला सांगितलं होतं तिथे पाठवला. कारकुनाने नव्या नोकरीत नवा ईमेल घेतला होता. जुना तो उघडतही नव्हता.

आणि मी त्या बाईच्या फोनवर काय निरोप पाठवला? माझ्या तोंडी जे लिहिलं होतं तेच. धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू.

दर सोमवारी काका ऑफिसच्या दारात येऊन उभे राहायचे. "आलं का कुणी?" नव्या कारकूनबाई आपला ईमेल बघायच्या. तिथे कुठून येणार? मग मालक म्हणायचे, "नाही हो काका. हल्ली घाम गाळायला कुणालाच नको असतं." मालक लबाड नव्हते. त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं, आणि मला त्याचाच जास्त संताप येतो. ज्यांनी कामासाठी हात पुढे केला त्यांनाच हा माणूस चहा पिता पिता आळशी ठरवत होता, आणि त्यांचे अर्ज माझ्याच पोटातून गेलेले.

काकांचंही चुकलंच, मी त्यांनाही सोडणार नाही. सरळ रजा टाकायला हवी होती. पण ते म्हणायचे, "चादरी थांबल्या तर तिकडे पेशंट कशावर झोपतील?" डोळ्यांत थेंब घालायचे आणि वाफेत जाऊन उभे राहायचे. वर्षभराने ते माझ्याकडे मान तिरकी करून बघायला लागले. मग एका सोमवारी कारकूनबाईंना म्हणाले, डावा गेला.

भाची अधूनमधून फोनवर विचारायची, मामा उत्तर द्यायचे, एकही नाही. तिला वाटायचं, आपलंच लिहिण्यात काही चुकलं असेल. तिने माझा मजकूर तीनदा बदलला. पण स्वतः एक अर्ज भरून तो कुठे जातो हे तिने एकदाही पाहिलं नाही. इतकी हुशार पोरगी, पण एवढं नाही केलं तिने.

डेअरीच्या बाईने तीन वेळा अर्ज केला. तिसऱ्या वेळी शेवटच्या प्रश्नाखाली लिहिलं, "नको असेन तर तसं कळवा. म्हणजे मी वाट बघायचं सोडीन." मी पुन्हा धन्यवाद म्हटलं. त्या दिवशी मला माझी लाज वाटली.

त्यानंतर महिन्याभराने ती बाई पुलाखालून डावीकडे वळून, निळ्या दारातून थेट ऑफिसात आली. हातात परवाना. मालक उठून उभेच राहिले. "अहो, कुठे होतात तुम्ही? अर्ज तरी करायचा."

"तीनदा केलाय," ती म्हणाली. तिने फोन पुढे धरला. माझे तिन्ही धन्यवाद त्यावर होते, तारखांसकट.

दुसऱ्या दिवशी भाची आली. तिने जुन्या कारकुनाला फोन केला. तो बिचारा गडबडून गेला. "ताई, मला वाटलं तुम्ही पत्ता केव्हाच बदलला असेल." त्याने पासवर्ड सांगितला आणि भाचीने तो ईमेल सगळ्यांसमोर उघडला. तीनशे अकरा न उघडलेले अर्ज. बॉयलरसाठीच अकरा.

मालक म्हणाले काय, तर "म्हणजे वेबसाइटच बिघडलेली होती."

खापर फोडायला मीच सापडले. भाची मात्र या वेळी ऐकून घेणार नव्हती. "वेबसाइट नाही बिघडली, मामा. आपण दाराला पेटी लावली आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवली. तुम्ही ठेवलीत आणि मी ठेवू दिली."

तेवढ्यात काका दारात आले. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. ते माझ्याजवळ आले, मान तिरकी केली, पण अक्षरं लागेनात. त्यांनी भाचीला विचारलं, "पोरी, पहिला अर्ज कधी आला होता?"

तिने तारीख वाचली. जाहिरात लागल्यानंतरचा नववा दिवस.

काकांनी बोटांवर महिने मोजले. आवाज न चढवता ते म्हणाले, "म्हणजे दोन्ही डोळे होते तेव्हाचा."

मालक खाली बसले.

त्या दिवसापासून बॉयलर बाईंकडे आहे. काकांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. मालक स्वतः त्यांना घेऊन जाणार आहेत. भाची रोज संध्याकाळी तीनशे अकरामधल्या वीसेक जणांना फोन करते आणि माफी मागते. भरतीला वेगळा ईमेलही मिळाला, पण त्यासाठी किती थांबावं लागलं ते तुम्ही पाहिलंत.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी दुकान काढाल, कुणी कारखाना. माझ्यासारखी एखादी साधी, स्वस्त वेबसाइट कराल. जरूर करा, स्वस्त असण्यात काही कमीपणा नाही. पण "कुणी येत नाही" म्हणण्याआधी एकदा आपल्याच दारात बाहेरून उभे राहून बघा, ते उघडतं का. आणि ज्याने आपलं नाव लिहून पाठवलं त्याला हो म्हणा, नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा. सगळे म्हणतात, झालं ते झालं, आता राग सोड. काकांना परत दोन डोळ्यांनी दिसलं असतं, तर सोडलाही असता.