कार्डांची मागची बाजू

माझ्या बायकोची, सरोजिनीची, चित्रं पोस्टकार्डापेक्षाही लहान आहेत. दौलतगंजच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. पुस्तकांची यादी संगणकावर गेली तेव्हा रद्दीत निघालेली, एकेका पुस्तकाची नोंद असलेली कार्डं मी घरी आणली आणि तिने त्यांच्या कोऱ्या बाजूंवर अकरा वर्षं चित्रं काढली. एकशे बारा चित्रं. ती गेल्यावर कपाटात सापडली.

तिची भाची अवंतिका आर्किटेक्ट आहे. सिटी सेंटरमधल्या एका हॉलमध्ये मावशीचं प्रदर्शन भरवायचं तिने ठरवलं. त्यासाठी प्लायवूडच्या अठ्ठावीस सारख्या चौकटी केल्या. एकीत चार चित्रं, चौकटी नटबोल्टने एकमेकींना जोडायच्या.

"काका, भिंत करा, जिना करा, खांब करा. जैसा आपको ठीक लगे."

तेच मला जमत नाही. पुस्तकाची जागा एकच असते, असं मानत माझा जन्म गेला. मी चित्रं पलंगावर पसरली आणि न सुचून कार्डांमागच्या पुस्तकांच्या क्रमांकांप्रमाणे लावू लागलो. तेव्हा दिसलं की भूगोलाच्या पुस्तकाच्या कार्डावर तिने नदी काढली आहे. खगोलशास्त्राच्या कार्डावर दुर्बीण. अशी सतरा जुळली. बाकीची कशाशीच जुळेनात. पाकशास्त्राच्या कार्डावर नुसती रिकामी खुर्ची होती.

कार्डांवरचं अक्षर माझं आहे. ते वाचून ती चित्र काढत होती का? असेल, तर दोन्ही बाजू दिसायला हव्यात. नसेल, तर मी उगाच तिच्या चित्रांत घुसतोय.

चार दिवसांनी धीर करून मी अवंतिकेला म्हटलं, "मागच्या बाजूला काच लावता येईल?"

"मागे फळ्या लावून झाल्यात, काका. मिस्त्रीचं दुकान तिकडे खासगी बाजारात, त्याला परत सांगावं लागेल." मग ती हसली. "मतलब तुम्हालाही प्रदर्शनात यायचंय."

संध्याकाळी तिच्या आईला, उषाताईंना, फोन केला.

"भाऊजी, ताई गठ्ठ्यातून हाताला येईल ते कार्ड ओढायची," त्या म्हणाल्या.

"वाचायची नाही?"

"वाचतही असेल. मी काय तिच्या मानेवर बसले होते? इतकी वर्षं एका घरात राहिलात, तुम्हीच विचारायचं होतं."

ते खरं होतं. ती चित्र काढायची तेव्हा मी पलीकडच्या खोलीत वाचत असायचो.

तरी मी काचेचा हट्ट धरला आणि मिस्त्रीने मागे काचा बसवल्या. उद्घाटनाच्या सकाळी चौकटी हॉलच्या मधोमध भिंतीसारख्या उभ्या केल्या. पुढून सरोजिनी दिसत होती. मी मागे गेलो. एकशे बारा कार्डांवर माझं अक्षर, एकाच मापाचं, ओळीने. ती बाजू वाचनालयासारखी दिसत होती. तिथे ती कुठेच नव्हती.

"अवंतिका, हे भिंतीला चिकटवून लावू या का? मागची बाजू आत."

"तो फिर काच क्यों लगवाई, काका?"

"मला बघायचं होतं."

"काय?"

चौकटी सुट्या केल्याशिवाय हलणार नव्हत्या. मी पाना घेतला आणि पहिला नट सैल करू लागलो. तो कुठल्या दिशेने फिरतो, तेही अवंतिकेनेच दाखवलं.