काडीबाईचा हात

“डोकं मागे. आणखी. भिंतीला टेकव.”

“भिंत गार आहे, ताई.”

“भिंत आहे तशीच आहे. तापलायस तू. टेकव म्हणते ना!”

धाकट्याने निमूटपणे डोकं टेकवलं. स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर तो चादर गुंडाळून बसला होता. खिडकीतून येणारा सकाळचा उजेड नेमका त्याच्या नाकपुड्यांवर पडावा म्हणून ताईने स्टूल दोनदा सरकवून घेतलं होतं. ओट्यावर कागद पसरून तिने सगळं मांडलं होतं: काडी, द्रावणाची इवलीशी कुपी, आणि कोविड व फ्लू दोन्ही एकदमच सांगणारी पट्टी. सुट्टीचा दिवस होता, तरी हातमोजे चढवायला ती विसरली नव्हती.

“काडीबाई, जरा हळू हं,” तो म्हणाला. “घरचा माणूस आहे.”

काडीबाई हे नाव तिला रुग्णालयाने दिलं होतं. साथ सुरू झाल्यापासून नमुने घेण्याच्या खिडकीत ती बसे, आणि तिच्या खुर्चीतून डोळे पुसल्याशिवाय कुणी उठत नसे. नवे तंत्रज्ञ काडी नाकात घालत तेव्हा ती वरच्या दिशेने नेत, नाहीतर अर्ध्या वाटेवरून परत आणत. ही मात्र सरळ मागे, कानाच्या रेषेत घेऊन जाई. शेवटी एक मऊ अडथळा लागतो. तिथे थांबायचं, काडी फिरवायची आणि मगच बाहेर यायचं. प्रयोगशाळेतला मशीनवाला म्हणायचा, “काडीबाईंचा नमुना आला की मशीन हुज्जत घालत नाही.” या एका वाक्यावर ती आठवडाभर खूश असे.

काडी आत गेली. धाकट्याचे खांदे आखडले.

“आई गं!”

हे दोन शब्द ती दिवसभर ऐकत असे. म्हातारे, पोरं, मिशीवाले पहिलवान, सगळे तिच्या खुर्चीत आईलाच हाक मारत. तोंडाने “झालं, झालं” म्हणायचं आणि हात पुढे जाऊ द्यायचा, याची तिला सवय झाली होती. पण आई गेली तेव्हा हा दुसरीत होता. पुढे कितीतरी महिने तो झोपेतून दचकून उठे आणि हीच हाक मारी, आणि कॉलेजची पहिली पायरीही न चढलेली ताई उठून त्याच्याजवळ जाऊन बसे. 

हात थांबला. जिथे होती तिथेच तिने काडी फिरवली आणि बाहेर काढली.

“झालं?”

“झालं.”

“एवढंच? लोक उगाच तुझ्या नावाने खडे फोडतात. काहीसुद्धा दुखलं नाही.”

ती नुसती हसली. कुपीत काडी घोळवून तिने पट्टीवर थेंब टाकले. थोड्या वेळाने वरची रेघ उमटली. पट्टी चालू आहे एवढंच सांगणारी. तिच्याखाली कोरं. कोविड नाही, फ्लू नाही. ताईने पट्टी उजेडात तिरपी धरून पाहिली, सरळ धरून पाहिली, आणि मग कुठे तिचा श्वास मोकळा झाला.

“समजा, असतं काही,” धाकटा म्हणाला, “तरी माझ्या वयात त्याने मरायचं म्हणजे फारच चिकाटी लागते. सध्या ऑफिसात हेच तर काम चाललंय. तरुणांमधले कोविडचे मृत्यू आणि फ्लूचे मृत्यू, शेजारी शेजारी. दशांश चिन्हानंतर शून्यांची नुसती रांग लागलीय.”

तो एका विमा कंपनीच्या आकडेवारी विभागात होता. मृत्यूबद्दल तो क्रिकेटच्या धावसंख्येसारखा बोलायचा, आणि ताईला ते अजिबात खपत नसे.

“त्या रांगेच्या शेवटी काय असतं?”

“एक आकडा. बारीकसा.”

“तो कुणाचा तरी भाऊ असतो, बारीकसा.”

“झालं सुरू! हे तक्त्यात बसत नाही, ताई.”

“बरं, मग तक्त्यातलंच विचारते. फ्लूचा रकाना भरला कुणी? साथीत शिंकणाऱ्या प्रत्येकाच्या नाकात मी काडी घातली, म्हणून कोविडचे मोजले गेले. फ्लूला असं कोण करतं? घरी पडून राहायचं, काढा प्यायचा. त्यातून कुणी दगावलाच, तर न्यूमोनिया लिहून मोकळे.”

धाकटा चादर सावरत ताठ बसला. असलं काही निघालं की त्याचा ताप उतरल्यासारखा होई. “अगदी हेच मी साहेबांना म्हटलं! एका बाजूला मोजलेली माणसं, दुसऱ्या बाजूला बरीचशी अंदाजाने धरलेली. तुलना करू कशी?”

“मग?”

“साहेब म्हणाले, तळटीप टाक.”

“मग?”

“टाकली तळटीप.”

दोघंही हसली. हसता हसता त्याला खोकला आला, आणि तो ताईला वाटलं त्यापेक्षा लांबला.

“आणि तुझ्या या पट्टीचंही तसंच आहे,” खोकला थांबल्यावर तो म्हणाला. “हो म्हणाली तर सहसा खरं. नाही म्हणाली तर देव जाणे. फ्लू असलेल्या दहांतले तीन-चार तरी हिच्या हातून निसटतात.”

“हिच्या हातून निसटत असतील. माझ्या हातून नाही,” ताई म्हणाली, आणि पट्टी कचऱ्याच्या पिशवीत टाकून तिने पिशवीचं तोंड बांधलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली तेव्हा तो झोपला होता. कपाळ गरम होतं, पण काल होतं तेवढंच. उशाशी पाण्याची बाटली ठेवून ती निघाली.

खिडकीसमोर नेहमीची रांग होती. पहिली आली एक कॉलेजातली मुलगी, सोबत वडील. मुलीपेक्षा वडीलच जास्त घाबरलेले. ताईने मुलीची हनुवटी धरली, काडी सरळ आत नेली. मुलगी “आई गं” म्हणाली, वडिलांनी तोंड फिरवलं, आणि ताईच्या बोटांना तो ओळखीचा मऊ अडथळा लागला.

तिने काडी फिरवली, बाहेर काढली आणि कुपीत घालता घालता ती थबकली.

काल हे लागलंच नव्हतं. डोळे विसरले तरी बोटं विसरत नाहीत. काल काडी अर्ध्या वाटेत फिरली होती, आणि मग ‘काहीसुद्धा दुखलं नाही’ असं तो म्हणाला होता. तिच्या खुर्चीत बसून आजवर असं कुणीही म्हटलेलं नव्हतं. दुसऱ्या कुणाचा असता, तर तो नमुना तिने स्वतःच बाद केला असता.

मुलीची कुपी बंद करून तिने फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर त्याने उचलला.

“बरा आहे... मी.”

“एका दमात तुझ्या कंपनीचं पूर्ण नाव सांग.”

“हे काय... नवीन?”

“सांग म्हणते ना.”

त्याने सांगितलं. कंपनीचं नाव लांब होतं, पण इतकंही नाही. मध्ये तो दोनदा थांबला.

“ताई, पट्टी निगेटिव्ह आहे. विसरलीस का? मी सकाळी... आपल्या डॉक्टरांनाही फोन केला. ते म्हणाले, ताईने स्वतः तपासलंय ना... मग प्रश्नच मिटला. साधा ताप आहे. आराम कर, पाणी पी.”

तिच्या हाताची ख्याती त्याच्या छातीवर धोंड्यासारखी बसली होती. ज्या डॉक्टरांनी एरवी त्याला तडक बोलावून घेतलं असतं, ते तिच्या नावावर भरवसा ठेवून स्वस्थ बसले होते. शेजारच्या खिडकीतल्या मुलीला रांग सांभाळायला सांगून ती धावतच बाहेर पडली. टॅक्सीत तिच्या डोक्यात नको नको ते येत राहिलं. त्याचं काही बरंवाईट झालं, तर त्याच्याच तक्त्यात तो कुठे बसेल? कोविडच्या रकान्यात नाही, फ्लूच्याही नाही. तिने त्याला दोन्हीकडून पुसून टाकलं होतं.

घरी तो पलंगाच्या कडेला पुढे वाकून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. अशी बसलेली माणसं तिने पाहिली होती. ओठांवर रंग नव्हता.

“चल.”

“कपडे बदलू दे.”

“कपडे काही नाही. चल.”

जिना उतरताना प्रत्येक वळणावर तो थांबला. “म्हातारा झालो,” एकदा म्हणाला. ताईने त्याचा दंड आणखी घट्ट धरला.

तिच्याच रुग्णालयाच्या तातडीच्या कक्षातल्या डॉक्टर वयाने ताईपेक्षा लहान होत्या, पण सगळे त्यांना मॅडमच म्हणत. त्यांनी बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहिला, भुवया वर केल्या, पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि नर्सला मास्क लावायला सांगितला.

“ताप कधीपासून?”

“परवा रात्रीपासून,” ताई म्हणाली.

“काही तपासणी?”

“कोविड, फ्लू... दोन्ही निगेटिव्ह,” मास्कमधून धाकटा म्हणाला आणि अभिमानाने ताईकडे बोट केलं. “हिनेच केली.”

“काडीबाईंनी?” मॅडमचा चेहरा सैलावला. “मग ते दोन्ही बाजूला ठेवू आपण. दुसरंच काहीतरी असणार. रक्त पाठवू, छातीचा फोटो काढू, मग बघू काय सुरू करायचं ते.”

ताईच्या जिभेवर एक सोयीचं वाक्य तयार होतं. ‘खात्रीसाठी एकदा पुन्हा घेऊन बघू का?’ कुणाला काही कळलं नसतं. नमुना मशीनवर गेला असता, संध्याकाळपर्यंत खरं काय ते बाहेर आलं असतं. फक्त संध्याकाळपर्यंत मॅडम भलतीच वाट चालत राहिल्या असत्या.

“खात्रीसाठी...” तिने सुरुवातही केली. मग थांबली.

“कालचा नमुना धरू नका, मॅडम. काडी आत पोचलीच नव्हती. हा ओरडला आणि मी हात अर्ध्यातच थांबवला.”

नर्स हातातली नळी तशीच धरून उभी राहिली. मॅडमनी आधी ताईकडे पाहिलं, मग धाकट्याकडे.

“म्हणून... दुखलं नाही होय,” तो म्हणाला.

मॅडमनी हातातला कागद उलटवला आणि भराभर लिहायला सुरुवात केली. “फ्लूचं औषध आत्ताच देऊ. रिपोर्टसाठी थांबायला नको, आधीच उशीर झालाय. सिस्टर, पहिला डोस आणा. आणि नमुना नव्याने घ्यावा लागेल.” मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “दुसऱ्या कुणाला बोलावू का?”

ताईने हातमोजे चढवायला घेतले होते. “नको. घेते मी.”

मास्क थोडा वेळ बाजूला झाला. ताई त्याच्यासमोर उभी राहिली. त्याच्या डोळ्यांकडे तिने पाहिलंच नाही.

“डोकं मागे टाका,” ती म्हणाली.

“टाका?”

“बोलू नका. तोंडाने श्वास घ्या.”

काडी सरळ आत गेली. तो कळवळला, आईला हाक मारली. त्याची मूठ तिच्या अॅप्रनवर आवळली आणि तो ओढू लागला. हात पुढे गेला. मऊ अडथळा लागला. तिथे ती थांबली, काडी फिरवली, तिला पुरेसं वाटेपर्यंत फिरवली. बाहेर काढली तेव्हा त्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि अॅप्रनचं एक बटण तुटून लोंबत होतं.

मास्क पुन्हा चढवून तिने त्याचे डोळे पुसले. “एवढा घोडा झालास आणि रडतोस काय,” ती म्हणाली, आणि स्वतःच भिंतीकडे वळली.

दुपारी मशीनवाला स्वतः वर आला. एरवी तो फोनवर काम भागवायचा.

“फ्लू आहे, ताई. कोविड नाही. मशीनने लगेच पकडला.” क्षणभर तो घुटमळला. काय बोलावं त्याला सुचेना, म्हणून त्याने नेहमीचंच सांगितलं. “नमुना एकदम चोख होता.”

तिने अॅप्रनचं लोंबणारं बटण ओढून खिशात टाकलं. तो बिचारा आल्या पावली परत गेला.

धाकट्याला चाकाच्या खुर्चीवरून ऑक्सिजनच्या वॉर्डकडे नेलं तेव्हा ती सोबत चालत होती. निकाल तिने त्याला सांगितला होता.

“म्हणजे मी आता... मोजलेल्यांत,” तो म्हणाला.

“गप्प बस. आजाऱ्यांत मोजलंय. तिथेच राहायचं.”

“वाचतात गं बहुतेक सगळे... माझ्या वयाचे.” या खेपेला तो सांगत नव्हता. विचारत होता.

“वाचतात,” ताई म्हणाली. “बहुतेक सगळे.”

वॉर्डच्या दारात नर्सने हात आडवा केला. “काडीबाई, तुम्हीच हा नियम सगळ्यांना सांगता. नातेवाइकांनी संध्याकाळीच यायचं.” मग खाली वाकून तिने त्याच्या पायांतल्या चपला काढल्या आणि ताईच्या हातात दिल्या. “या आत नको.”

दार बंद झालं. काचेतून खुर्चीची पाठ दिसली, मग तीही वळली.

बाकावर बसून राहायचं तर संध्याकाळ फार लांब होती. खाली खिडकीसमोरची रांग जिन्यापर्यंत आली होती आणि शेजारची मुलगी एकटीच सगळ्यांना तोंड देत होती. ताईने चपला आपल्या टेबलाखाली ठेवल्या. हात धुतले. पुढचा माणूस खुर्चीत येऊन बसला, तरी ती पुन्हा एकदा खाली वाकली, आणि बाहेर पडणाऱ्याला सरळ पाय घालता येतील अशा, तोंडं दाराकडे करून तिने त्या चपला नीट लावून ठेवल्या.