निधड्याचा निकाल

निकाल, पहिला. पोरगं कामाचं नाही.

पारखीबाईंनी वाक्य मनात जुळवलं आणि तिथल्या तिथे मोडलं. क्लबसाठी हॉकीचे नवे खेळाडू पारखणं हे त्यांचं काम, आणि या पोराला त्यांनीच आणलं होतं. पहिला व्यावसायिक मोसम सरत आला, नावावर गोल नाही. पण करणार कधी? क्लबची रीतच अशी, की पेनल्टी कॉर्नरला नवख्यानं गोलरेषेवरून फटका मारणाऱ्याच्या अंगावर सुसाट धावून जायचं. चेंडू अंगावर घ्यायचा, हीच त्याची शिकवणी. त्याला ठेवायचं की सोडायचं, हे आज बाईंनी सांगायचं होतं.

निकाल, दुसरा. पोरगं शूर आहे.

"निधड्या नाव पडलंय त्याचं," कोच खिडकीशी उभे राहून म्हणाले. "बाकीचे फटका आला की तोंड चुकवतात. हा पापणी हलवत नाही. काळीज आहे की धोंडा!"

खाली सराव चालू होता. निधड्या धावला. फटका त्याच्या डाव्या अंगानं आला, मास्कला घासून गेला, मागची जाळी थरथरली. पापणी हलली नाही. मग, जरा उशिरानं, मान वळली. चेंडू गेला कुठे, ते शोधायला.



निकाल, तिस—

बाई खाली गेल्या. निधड्या मास्क काढून बाकावर बसला होता. त्या गुपचूप त्याच्या डावीकडे बसल्या, पाण्याची बाटली पुढे केली. तो समोर बघत राहिला. बाटली गालापाशी नेली. तरी तो समोरच बघत राहिला.

"पाणी घे."

तो केवढ्यानं तरी दचकला.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"माझ्यापुढे शहाणपणा नको."

त्यानं खाली बघितलं. "मागच्या महिन्यात डोळ्याला चेंडू लागला होता. नजर येईल परत, ताई. आणि खरं सांगू? फायदाच झाला. भीतीच वाटत नाही." तो हसला. बाई हसल्या नाहीत. "मोसम संपू द्या ना. सांगू नका."

बाई वर आल्या आणि सांगून टाकलं. कोच खिडकीतून वळलेसुद्धा नाहीत.

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"तुम्ही तोंड उघडलंत की याला कुठलाच क्लब दारात उभं करणार नाही. गप्प राहिलात तर अंतिम सामना खेळेल, नाव होईल. तुम्हीच आणलंत ना त्याला? मग न्याय करा. हवं तर त्यालाच विचारा, हो म्हणेल."

तो हो म्हणाला असता. म्हणूनच बाईंनी त्याला विचारलं नाही.

शिट्टी वाजली. बाई जिना उतरून थेट मैदानात शिरल्या. निधड्या रेषेवर वाकून उभा होता. त्या डावीकडून अगदी खांद्याशी पोचल्या, त्याला पत्ताच नाही. त्यांनी त्याचा दंड धरला.

"थांबवा! याला या बाजूनं दिसत नाही."

निधड्यानं अख्खं तोंड वळवलं, कुणी घात केला ते चांगल्या डोळ्यानं बघायला.

"ताई, तुम्ही?"

मास्क त्यानं स्वतःच काढला.

"पुढचा!" वरून, खिडकीतून, कोचचा आवाज आला.

"आलो, सर!" म्हणत दुसरा एक नवखा मास्कचा पट्टा आवळत धावत आला आणि रेषेवर उभा राहिला.