पायडलवरचा पाय

साहेब, दराराबाबाला शिवणखात्यात तुम्ही आणलंत. इन्चार्जची रिकामी जागा कुणाला द्यायची हे ठरवायलाही तुम्ही त्यालाच बसवलंत. मग काय झालं तेही ऐका.

सगळं खातं माना उंचावून बघत होतं. दरारा हीच शक्ती, शक्ती हेच यश, असं बाबा घोळवून घोळवून सांगत होता; नजरेत जरब असली की लोखंडही नमतं म्हणे. एका नवख्या पोरीला त्याने मशीन पळवायला लावलं आणि लांबूनच डोळे वटारले. मशीन खटकन थांबलं. त्या जागेवर टपलेल्या मुकादमाच्या मेहुण्याने वटारले, तेव्हाही थांबलं. बाबाने जाहीर केलं, ज्याची नजर मशीन थांबवेल तोच इन्चार्ज.

काजवाली मावशी पुढे आली. अठरा वर्षं काजं करून त्या जागेवर हक्क तिचा होता. तिने मैत्रिणीच्या मशीनकडे जीव तोडून रोखून पाहिलं. मशीन धाडधाड चालूच.

"काय गं, चष्मा घरी विसरलीस?" मैत्रीण म्हणाली. खात्यात हशा पिकला. बाबाने मावशीच्या नावावर काट मारली.

मावशी तोंड पाडून कामाला बसली. तेवढ्यात मुकादम मागे येऊन खाकरला आणि तिचा पाय आपसूक पायडलवरून उठला. पहिल्याच दिवशी प्रत्येकीला शिकवलेलं असतं, वरचा माणूस आला की मशीन बंद, मान खाली. मावशी आपल्याच पायाकडे बघत राहिली आणि खुदकन हसली.

उठून तिने इस्त्रीवाल्याची गार, जड इस्त्री आणली. सुईतला दोरा काढला आणि इस्त्री पायडलवर ठेवली. मशीन सुसाट सुटलं.

"बाबा, हिला घाबरवा आता."

बाबाने डोळे वटारले, भुवया नाचवल्या. डोळ्यांतून पाणी आलं, पण इस्त्री ढिम्म. वातावरण दूषित आहे, असं तो पुटपुटला.

"वातावरण नाही हो," मैत्रीण म्हणाली, "इस्त्रीला नोकरी जायची भीती नाही."

मावशी नवख्या पोरीला म्हणाली, "जादू त्याच्या डोळ्यात नाही गं, आपल्या पायात आहे. दाबून धर." पोरीने ओठ चावत पाय दाबून धरला. मेहुणा डोळे वटारून वटारून दमला, मशीन थांबलं नाही.

साहेब, घाबरणारा पाय उचलतो, म्हणून दराऱ्यात शक्ती दिसते. एवढं समजायला बाबा लागत नाही, डोकं लागतं. तरीही नेमणुकीच्या कागदावर आज मेहुण्याचंच नाव आहे. जिला काम येतं तिचं का नाही? सबबी नकोत, उत्तर द्या.