ओतिलियाने पास केलेली नाणी

बायको आम्पारो वारल्यावर फिदेन्सिओ चार महिने घराची पायरी उतरला नाही. कापडगिरणीत बत्तीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढलेला माणूस, हात कधी स्वस्थ राहिले नाहीत. आता मात्र तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून थंड शेगडीकडे बघत राहायचा. त्याची मुलगी हासिंता चपलांच्या दुकानात नोकरीला होती. सकाळी ती त्याच्यापुढे कॉफी ठेवून जायची आणि संध्याकाळी येऊन तीच कॉफी मोरीत ओतायची. शेवटी ती ओतिलियाकडे गेली.

"माद्रिना, आता तुम्हीच काहीतरी करा. माझं ते ऐकून घेतात आणि परत तिथंच बसतात."

हासिंताच्या बाप्तिस्म्याला ओतिलियानेच तिला हातांवर धरलं होतं. म्हणून ती हासिंताची माद्रिना, म्हणजे धर्ममाता, झाली, आणि फिदेन्सिओ आणि ती एकमेकांचे कोम्पाद्रे-कोमाद्रे. त्याआधीही आम्पारो तिची शाळेपासूनची मैत्रीण होती. ओतिलियाने लग्न केलं नव्हतं. मेक्सिकोतल्या पुएब्लात रविवारचा जुना बाजार ज्या गल्लीत भरतो, तिच्या तोंडाशीच तिचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान वडिलांचं आणि चांदीची पारखही वडिलांचीच. बाजारात कुणाला जुनं नाणं मिळालं की ते तिच्या काउंटरवर यायचं. "दोन्या," लोक मानाने हाक मारत, "बघा जरा." ती बघायची, सांगायची, आणि ती सांगेल त्यावर मग कुणी वाद घालत नसे. याचे पैसे तिने कधी घेतले नाहीत.

पुढच्या रविवारी तिने कोम्पाद्रेला दंडाला धरून बाजारात नेलं.

पहिल्या दिवशी तो नुसता तिच्या मागून फिरला. दुसऱ्या रविवारी एका टोपलीत त्याला पिरॅमिडचं चित्र असलेलं वीस सेंताव्होंचं तांब्याचं नाणं दिसलं. ते त्याने अंगठ्याने पुसलं आणि बराच वेळ हातात ठेवलं. तिसऱ्या रविवारी तो तिच्याआधी बाजारात हजर होता.

नाणी शोधायची त्याची स्वतःची रीत तयार झाली. जमिनीवर माल मांडलेल्या पहिल्या फडीवर तो कधी काही घेत नसे. आधी गंजलेल्या पान्याची किंमत विचारायची, तो खाली ठेवायचा, मग सहज आठवल्यासारखं नाण्याकडे वळायचं. घासाघीस मनापासून करायचा, पण भाव वाजवी हवा, दोघांनाही, हा त्याचा हट्ट होता. एकदा एका म्हातारीने साठ पेसो किमतीचं नाणं पाच पेसोंना सांगितलं, तर त्याने चाळीस दिले.

"कोम्पाद्रे, ती पाचच मागत होती," ओतिलिया म्हणाली.

"मागत होती, कारण तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं ना."

त्या दिवशी त्याने दोन मेमेला, मक्याच्या जाड पोळ्या, खाल्ल्या आणि तिसरी मागितली. हासिंताने ऐकलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

नोव्हेंबरात तो तिच्या दुकानात धावतच आला. मूठ उघडली तर त्यात चांदीचा पेसो होता, घोड्यावर बसलेल्या बाईचा, ज्याला बाजारात सगळे घोडेवाली म्हणतात. जुनं सामान विकणाऱ्या इलारिओच्या फडीवर मिळालेला, नऊशेला. खरी घोडेवाली दोन हजारांच्या खाली मिळत नाही.

"झिजलेली आहे म्हणून स्वस्त दिली. आम्पारोच्या आजीकडे अशीच एक होती, कोमाद्रे. लग्नात तिच्या गळ्यात घालणार होते, पण त्याआधीच ती विकावी लागली. तिने मला शंभरदा सांगितलं असेल. बघा ना."

ओतिलियाने नाणं हातात घेतलं आणि तिला लगेच कळलं. काट्यावर ठेवलं ते फक्त त्याच्या समाधानासाठी. सत्तावीस ग्रॅम हवं होतं, चोवीस भरलं. काटा तिच्या बाजूला होता, त्याला आकडा दिसत नव्हता. त्याला दिसत होता तिचा चेहरा, आणि तो तिच्याकडे असा बघत होता, जसा तो आम्पारोच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर डॉक्टरांकडे बघत बसला होता.

"चांगलं आहे," ती म्हणाली.

हे दोन शब्द. पुढच्या आठवड्यात सावकाश सांगू, असं तिने मनाशी म्हटलं. पण पुढच्या आठवड्यात त्याने दुसरी घोडेवाली आणली. पहिली खोटी ठरवल्याशिवाय दुसरी खोटी कशी म्हणणार? मग तिसरी. इलारिओने त्याच्यासाठी वेगळी डबीच ठेवली होती.

ओतिलिया एका मंगळवारी इलारिओच्या घरी गेली. तो अंगणात जुन्या खुर्च्यांना पॉलिश लावत होता.

"लाज नाही वाटत? बायको गेलेला माणूस तो."

"दोन्या, मी त्यांना कधी म्हटलं, खरी आहे म्हणून?" इलारिओ शांतपणे म्हणाला. "मी म्हटलं, घेऊन बघा, पसंत नाही पडली तर परत आणा. ते तुमच्याकडे गेले. येऊन मला म्हणाले, दोन्या ओतिलियाने पास केली. आता तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं का?"

"त्यांना आता विकू नकोस."

"का म्हणून विचारतील. काय सांगू?"

 इलारिओने ब्रश डब्यात बुडवला आणि खुर्चीचा दुसरा पाय पॉलिशला घेतला.

ख्रिसमसच्या आधी शेजारच्या चोलुला गावची एक शिक्षिका दुकानात आली. वडिलांच्या सत्तरीला भेट द्यायला तिने घोडेवाली घेतली होती, दीड हजाराला. "त्या फडीवाल्याने सांगितलं, ही तुम्ही पाहिलेल्यांपैकीच आहे. तरी म्हटलं, एकदा तुमच्या तोंडून ऐकावं."

फिदेन्सिओ तिथेच स्टुलावर बसून आपल्या नाण्यांना फडकं मारत होता. तो वर बघून हसला. "अगदी बरोबर केलंत, बाई. कोमाद्रेला विचारल्याशिवाय मीही काही घेत नाही."

ओतिलियाने नाणं उलटं केलं, सुलटं केलं. दुकानात अकरा घड्याळं टिकटिकत होती, तिला त्या क्षणी त्यातलं प्रत्येक वेगळं ऐकू आलं. खोटं म्हणावं तर कोम्पाद्रे इथेच बसलाय, त्याच्या मांडीवर तीच नाणी आहेत. खरं म्हणावं तर या मुलीचे दीड हजार.

"वडिलांना आवडेल," ती म्हणाली.

शिक्षिका आभार मानून गेली. आपण खरं किंवा खोटं यातलं काहीच म्हटलं नाही, अशी समजूत ओतिलियाने संध्याकाळपर्यंत घालून पाहिली. ती पटली नाही.

त्यानंतर रविवारी ती दुपारीच शटर ओढून घेऊ लागली. बाहेर बाजाराचा गलबला चालू असायचा आणि ती आत दिवा न लावता वडिलांच्या खुर्चीत बसून राहायची. कुणीतरी शटरवर बोटं वाजवायचं. "दोन्या, आहात का? एक नाणं दाखवायचं होतं." ती श्वास रोखून बसायची. फिदेन्सिओची थाप तिला ओळखू यायची, तीन हळू आणि एक जोरात. तो थोडा थांबायचा. "झोपल्या असतील," असं स्वतःशीच म्हणून निघून जायचा. ज्या दुकानात ती चाळीस वर्षं राज्य करत होती, तिथे आता ती चोरासारखी लपत होती. दाराबाहेर जे उभे होते ते सगळे तिच्यावर विश्वास ठेवणारेच होते.

हासिंताला सांगावं असं तिच्या मनात आलं. पण हासिंता येताना वाफाळते तामाले घेऊन यायची आणि म्हणायची, "माद्रिना, तुम्ही आमचे बाबा आम्हाला परत दिलेत." त्यावर काय बोलणार?

फेब्रुवारीत एका शनिवारी सकाळी फिदेन्सिओ एक फळी काखेत घेऊन आला. ती त्याने काउंटरवर उभी केली. निळ्या रंगात, गिरणीत यंत्रांवर नंबर घालायचा त्याच नेटक्या हाताने लिहिलं होतं: फिदेन्सिओ आणि ओतिलिया. जुनी नाणी. वाजवी भाव.

"उद्यापासून मी बसणार," तो म्हणाला. "कोपऱ्यावरची जागा मिळाली. एकवीस घोडेवाल्या आहेत माझ्याकडे. दीड-दीड हजाराला देईन, दोन हजारांना नाही. ज्याला हवी त्याला परवडली पाहिजे. लोकांना फसवणारे कितीजण असतात त्या बाजारात. आपल्याकडे आलं की माणूस निर्धास्त राहील."

ओतिलिया फळीवरचं आपलं नाव वाचत राहिली. रंग अजून ओला होता.

"कोम्पाद्रे, बसा."

"रंग छान वाटत नाही का?"

"बसा. घोडेवाल्या खोट्या आहेत."

तो बसला नाही. "कुठली?"

"सगळ्या."

"सगळ्या कशा असतील? पहिली तुम्ही स्वतः काट्यावर..."

"पहिलीसुद्धा. चोवीस भरली होती. मला तेव्हाच कळलं होतं."

तिला वाटलं होतं तो ओरडेल, नाहीतर इलारिओला शिव्या घालेल.  त्याने फक्त विचारलं, "आणि त्या शिक्षिकेची?"

"तिचीही."

"मी तिथेच बसलो होतो. मी तिला म्हटलं, कोमाद्रेला विचारा." त्याचा आवाज अगदी खाली आला होता. "तुम्ही माझी कीव केलीत."

"तुम्ही चार महिने खुर्चीतून उठला नव्हतात."

"हो. म्हणून मला लहान मुलासारखं खेळवायचं? आम्पारो मेली तेव्हासुद्धा तुम्ही मला खरंच सांगितलं होतं. बाहेर येऊन तुम्हीच सांगितलंत. डॉक्टरांना जमलं नाही, ते तुम्हाला जमलं. मला वाटायचं, जगात एक माणूस आहे जो मला खरं सांगेल."

 त्याने फळी उचलली. जाताना दाराच्या चौकटीला ती घासली आणि निळा डाग तिथे राहिला.

दुसऱ्या दिवशी ओतिलियाने शटर उघडलंच नाही. ती बाजारात गेली आणि थेट इलारिओच्या फडीसमोर उभी राहिली. एक जोडपं घोडेवाली बघत होतं.

"ही खोटी आहे," ती म्हणाली. "मी ओतिलिया. मी पास केली असं हा सांगतो. मी खोटं बोलले होते."

जोडप्याने एकमेकांकडे बघितलं. इलारिओ हसला नाही, रागावलाही नाही.

"दोन्या, तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय, हे यांनी कसं ओळखायचं?"

ती तरी तिथेच राहिली. येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत राहिली. काहीजण नाणं ठेवून गेले. काहीजणांनी तिच्याकडे अशा नजरेने बघितलं, की ही फडीवाल्याशी भांडण झालेली म्हातारी असावी. एकाने तिच्यासमोरच घेतलं. तिचा चाळीस वर्षांचा शब्द, आणि तो आता कुणी फुकटातही घेत नव्हतं. घरी जावं तर पुढच्या रविवारी इलारिओ पुन्हा तिचंच नाव सांगणार. म्हणजे दर रविवारी इथे उभं राहायचं, हे तिला दुपारपर्यंत कळून चुकलं. आणि ती उभी राहू लागली.

दुसऱ्या रविवारी कोपऱ्यावर फिदेन्सिओने एक छोटं टेबल मांडलं होतं. फळी नव्हती. घोडेवाल्या नव्हत्या. फक्त तांब्याची नाणी होती, त्याने स्वतः शोधलेली, आणि दवाखान्याला पुरवठा करणाऱ्या दुकानातून आणलेला एक लहान वजनकाटा. हासिंता शेजारी बसून संत्री सोलत होती. ओतिलिया जवळून गेली तेव्हा हासिंताने मान वर केली आणि पुन्हा साल काढू लागली.

"कशी दिली?" ओतिलियाने विचारलं.

"तीस पेसो, दोन्या," फिदेन्सिओ म्हणाला. एकोणतीस वर्षं तिला कोमाद्रे म्हणणारा माणूस. "हवं तर वजन करून घ्या."

तिने एक घेतलं. त्याने शंभरातले सत्तर परत दिले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तिसऱ्या रविवारी इलारिओच्या फडीवर एका बाईने ओतिलियाचं सगळं ऐकून घेतलं. मग ती गोंधळून घोडेवाली हातात घेऊन इकडेतिकडे बघू लागली. इलारिओ म्हणाला, कुणालाही दाखवा. बाई चार पावलं गेली आणि कोपऱ्यावरच्या टेबलाशी थांबली. फिदेन्सिओने नाणं काट्यावर ठेवलं. काटा बाईकडे वळवला. आकड्यावर बोट ठेवून तो काहीतरी समजावून सांगू लागला, मग खरी घोडेवाली किती भरते ते कागदावर लिहून दिलं. बाईने येऊन नाणं इलारिओच्या फडीवर परत ठेवलं.

ओतिलियाला गल्ली ओलांडून तिकडे जावंसं वाटलं. जेमतेम आठ पावलं होती. तेवढ्यात इलारिओसमोर एक म्हातारा वाकून तीच डबी उघडत होता. ती त्याच्याकडे वळली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.